एका दुखण्याची कुळकथा

माझे मामा पाटण तालुक्यात, डोंगराच्या कुशीतल्या एका लहान गावात राहतात. तीन वर्षांपूर्वी भाताच्या कापणीच्या दिवसांत त्यांच्या छातीत दुखू लागले. मामी म्हणाल्या, "पित्त असेल." मामा म्हणाले, "पित्तच आहे." मग ओवा झाला, सोडा झाला, रात्रभर शेकणे झाले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी जीपगाडी मिळाली तेव्हा त्यांना कऱ्हाडला नेण्यात आले. हृदयविकाराचा झटका येऊन गेल्याला तोवर वीस तास उलटले होते. डॉक्टरांनी शक्य ते सारे केले. मामा वाचले. आठ-दहा दिवसांनी घरी आले, अंगणात खुर्ची टाकून बसू लागले. आम्ही साऱ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

आणि तिसऱ्या आठवड्यात त्यांची छाती पुन्हा दुखू लागली.

वाचकहो, असा प्रसंग ज्या घरात आला असेल त्या घराला वेगळे सांगावयास नको. मामी काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी देवापुढे निरांजन लावले आणि मुंबईच्या मुलाला फोन करावयास सांगितले. दुसरा झटका म्हणजे काय, हे आपल्याकडे खेड्यापाड्यांतही ठाऊक आहे. मामांनी तर जमिनीच्या कागदांची पेटी जवळ ओढून घेतली.

ह्या खेपेस मी सोबत होतो. दुखण्याची तऱ्हा मात्र मला थोडी चमत्कारिक वाटली. अंगात ताप होता. उताणे निजले की कळ वाढे, खोल श्वास घेतला की वाढे. उशी पोटाशी धरून पुढे वाकून बसले की कमी होई. इस्पितळात जी तरुण डॉक्टरीणबाई होती ती आमच्याच महाविद्यालयात दोन वर्षे शिकून गेलेली निघाली. तिने मामांना म्हटले, "काका, असे पुढे वाका. श्वास सोडा. आता थांबा." छातीच्या डाव्या बाजूला स्टेथोस्कोप टेकवून ती पुष्कळ वेळ ऐकत राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "सर, ऐकता का?"

मी नळ्या कानाला लावल्या. ठोक्यांच्या मधून मधून काहीतरी करकरत होते. कोरी कोल्हापुरी वहाण घालून कोणी माडीवर येरझाऱ्या घालावे, अगदी तसे.

ई.सी.जी. झाला, रक्ताची तपासणी झाली, टू-डी एको झाला. मग ती म्हणाली, "दुसरा झटका नाही. हृदयाच्या पिशवीला सूज आहे, थोडे पाणीही आहे. ह्याला ड्रेसलरचा आजार म्हणतात. आजकाल आम्हांला फारसा पाहायला मिळत नाही."

मी इतिहासाचा अध्यापक. वैद्यकातले मला काही कळत नाही. पण 'आजकाल पाहायला मिळत नाही' हे शब्द कानी पडले की इतिहासाच्या माणसाला स्वस्थ बसवत नाही. जो रोग आजकाल दिसत नाही तो पूर्वी दिसत असला पाहिजे; मग केव्हापासून दिसू लागला, कोणाला दिसला, आणि नाहीसा का झाला? घराण्याची कुळकथा असते तशी दुखण्याचीही असते. ती शोधता शोधता जे हाती आले ते सांगतो.

आधी त्या पिशवीविषयी दोन शब्द. आपले हृदय छातीत उघडे टांगलेले नाही. त्याच्याभोवती दोन पदरी आवरण आहे, त्याला हृदयावरण म्हणतात. दोन पदरांच्या मध्ये थोडासा स्निग्ध द्रव असतो, दोन-चार चहाच्या चमच्यांइतका. त्या वंगणामुळे हृदय दिवसातून लाखभर वेळा आकुंचन पावते तरी कोठे घासत नाही. ह्या आवरणाला दाह झाला म्हणजे त्याचे गुळगुळीत पदर खरबरीत होतात आणि एकमेकांवर घासू लागतात. पॅरिसमध्ये लेनेक ह्या वैद्याने १८१६ साली स्टेथोस्कोप शोधून काढला. त्याच्या हाताखालच्या व्हिक्टर कोलँ ह्या तरुणाने १८२४ मध्ये ह्या घासण्याच्या आवाजाची नोंद केली आणि त्याला नव्या चामड्याची करकर म्हटले. म्हणजे मला जी कोल्हापुरी वहाण ऐकू आली ती पॅरिसमध्ये दोनशे वर्षांपूर्वी ऐकू येऊन गेलेली होती! हे वाचले तेव्हा मला खरोखर गंमत वाटली.

परंतु ही करकर आणि हृदयाचा झटका ह्यांचा संबंध जोडावयास पुष्कळ काळ जावा लागला. कारण साधे आहे. एकोणिसाव्या शतकात 'झटका येऊन वाचलेला रोगी' अशी कल्पनाच वैद्यांच्या मनात रुजलेली नव्हती. हृदयाला रक्त पुरवणारी रोहिणी बंद पडली की माणूस तत्काळ मरतो, अशी समजूत होती. शवविच्छेदनात बंद रोहिण्या दिसत, आणि ते खरेच मेलेलेही असत. तेव्हा समजूत खोटी ठरवणार कोण?

१९१० साली किएव्हचे ओब्राझत्सोव्ह आणि स्त्राझेस्को, आणि १९१२ साली शिकागोचे जेम्स हेरिक, ह्यांनी जिवंत रोग्यात हा विकार ओळखून दाखवला. हेरिक ह्यांचा मुख्य रोगी पंचावन्न वर्षांचा एक पेढीवाला होता. तो झटक्यानंतर बावन्न तास जगला. बावन्न तास म्हणजे काही मोठे आयुष्य नव्हे. पण रोहिणी बंद पडल्यावरही माणूस जगू शकतो एवढे सिद्ध करावयास तेवढे पुरे होते. हेरिक ह्यांनी तर असेही सांगितले की काही जण ह्यातून पुरते बरेही होत असले पाहिजेत. त्यांच्या भाषणाकडे प्रथम कोणी फारसे लक्ष दिले नाही. पुढे ई.सी.जी.चे यंत्र हाती आले तेव्हा लोकांना पटले.

त्याच १९१० साली व्हिएन्नाच्या स्टर्नबेर्ग ह्यांनी झटक्यानंतर पहिल्या दोन-चार दिवसांत उमटणाऱ्या करकरीचे वर्णन केले. हृदयाच्या स्नायूचा जो तुकडा रक्तावाचून मेला तो जर पृष्ठभागापर्यंत पोहोचला असेल, तर त्याला लागून असलेले आवरण तेवढ्यापुरते सुजते. शेजारच्या घराला आग लागली म्हणजे आपली भिंत तापते, तसाच हा प्रकार. ती करकर येते आणि दोन-तीन दिवसांत जाते. मामांचे दुखणे हे नव्हे. मामांचे तिसऱ्या आठवड्यातले होते, तापासह होते, आणि ते ओळखावयास आणखी सेहेचाळीस वर्षे जावयाची होती.

येथे व्हिएन्ना शहराविषयी थोडे बोलल्यावाचून पुढे जाववत नाही. छाती बाहेरून ठोकून आतले ओळखण्याची विद्या ह्या शहरात जन्मली. ऑएनब्रुगर नावाचा, ग्राट्झच्या एका खाणावळवाल्याचा मुलगा व्हिएन्नात वैद्य होता. बापाच्या तळघरातली पिंपे ठोकून दारू कोठवर आहे हे लोक पाहत, ते त्याने लहानपणी पाहिले होते, असे सांगतात. १७६१ साली त्याने छाती ठोकून परीक्षा करण्यावर लहानसे पुस्तक लिहिले. जवळजवळ पन्नास वर्षे ते धूळ खात पडले. १८०८ मध्ये नेपोलियनचा वैद्य कोर्व्हीसार ह्याने त्याचे फ्रेंच भाषांतर केले, तेव्हा म्हातारा ऑएनब्रुगर अजून हयात होता. पुढच्याच वर्षी तो वारला. पुढे १८३९ मध्ये स्कोडा ह्यांनी ठोकण्याची आणि ऐकण्याची ही विद्या शास्त्रशुद्ध केली. तेव्हापासून व्हिएन्नाचा डॉक्टर म्हणजे बोट आणि कान ह्यांचा पक्का, असा लौकिक झाला.

विल्यम ड्रेसलर ह्या शहरात शिकले. जन्म १८९० चा. १९१५ साली, म्हणजे पहिले महायुद्ध चालू असताना, त्यांनी वैद्यकाची पदवी घेतली. तेथेच हृदयरोगांचा अभ्यास करीत त्यांनी वीस-बावीस वर्षे काढली. मार्च १९३८ मध्ये हिटलरच्या फौजा ऑस्ट्रियात शिरल्या. त्या एका वर्षात व्हिएन्नाच्या वैद्यकीय विद्यापीठातील अर्ध्याहून अधिक अध्यापक, बहुतेक ज्यू म्हणून, नोकरीतून काढले गेले. कोणी परदेशी पळाले, कोणी छळछावणीत मेले, कोणी स्वतःच जीव दिला. इतिहासात एखादी विद्यापरंपरा एका हंगामात उखडली गेल्याची उदाहरणे आहेत, पण इतके चोख उदाहरण क्वचित. ड्रेसलर १९३८ साली अमेरिकेस गेले. अठ्ठेचाळिसावे वर्ष. माझे आज जे वय आहे त्याच्या आसपासचे. ह्या वयात परक्या भाषेत पुन्हा पहिल्या पायरीवर उभे राहायचे म्हणजे काय, ह्याचा विचार मी अधूनमधून करतो. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील मायमॉनिडीझ इस्पितळात ते काम करू लागले. इस्पितळाला ज्याचे नाव आहे तो मायमॉनिडीझही वैद्यच, बाराव्या शतकातला, आणि आपला मुलूख सोडावा लागलेला. असो.

आता १९५० च्या सुमाराची स्थिती पाहू. झटक्यातून वाचणाऱ्यांची संख्या वाढली होती. मेलेल्या स्नायूच्या जागी घट्ट व्रण तयार होण्यास कित्येक आठवडे लागतात, हे पॉल ड्यूडली व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३९ साली दाखवले होते. त्यामुळे रोग्याला सहा-सहा आठवडे बिछान्यात निजवून ठेवण्याची रीत पक्की झाली. १९५२ मध्ये लेव्हाइन आणि लाऊन ह्यांनी रोग्याला लवकर खुर्चीत बसवावे असे म्हटले, तेव्हा ते पुष्कळांना दुःसाहस वाटले. पण ह्या निजवून ठेवण्याचा एक परिणाम असा झाला की रोगी दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या आठवड्यातही डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर राहिला.

दुसरी गोष्ट रक्त पातळ करणाऱ्या औषधांची. तिची कथाही मोठी विलक्षण आहे. १९३३ च्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातला एक शेतकरी मेलेली कालवड, कुजका चारा आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठणारे रक्त घेऊन कार्ल लिंक ह्या रसायनशास्त्रज्ञाच्या दारी आला. त्या कुजक्या चाऱ्यातून रक्त न गोठू देणारे द्रव्य निघाले; त्याच घराण्यातले वॉर्फरिन १९४८ पासून उंदीर मारण्यासाठी विकू लागले, आणि १९५४ पासून माणसांना औषध म्हणून देऊ लागले. २४ सप्टेंबर १९५५ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर ह्यांना डेन्व्हरमध्ये झटका आला. त्यांनाही प्रथम पोटाचा विकार समजण्यात आले होते! (मामींना मी हे सांगितले तेव्हा त्यांना बराच धीर आला.) पुढे त्यांना हेच उंदराचे औषध देण्यात आले, आणि जगभर हृदयविकार हा वर्तमानपत्रांचा विषय झाला.

रक्त पातळ करणे हे गुठळीविरुद्ध शस्त्र खरे. पण समजा, रोग्याच्या छातीत तिसऱ्या आठवड्यात पुन्हा कळ आली. डॉक्टरने ठरवले, हा दुसरा झटका. मग ते औषध चालू राहणार, कदाचित वाढवलेही जाणार. आणि दुखणे जर खरे म्हणजे सुजलेल्या आवरणाचे असेल, तर त्या लाल, नाजूक पदरांतून रक्त पाझरू लागते, पिशवीत साठते, आणि भरलेल्या पिशवीच्या दाबाने हृदयाला फुलताच येत नाही. दुसरा झटका आलेलाच नसताना रोगी दुसऱ्या झटक्याच्या उपचाराने मरण्याची शक्यता होती. नाव चुकले तर किती चुकते ते पाहा.

ड्रेसलर ह्यांचे ह्या रोग्यांकडे लक्ष गेले. झटक्यानंतर एक-दोन आठवड्यांनी, कधी महिन्याने, कधी त्याहूनही उशिरा ताप येतो. छातीत दुखते, पण श्वासाबरोबर आणि निजल्यावर. स्टेथोस्कोपला करकर लागते. कधी फुप्फुसांच्या आवरणातही पाणी होते. आणि रोगी बरा झाला तरी काही आठवड्यांनी दुखणे पुन्हा उलटते. ई.सी.जी.त नव्या झटक्याच्या खुणा नसतात. त्याच काळात हृदयाच्या झडपांवर शस्त्रक्रिया होऊ लागल्या होत्या, आणि त्या रोग्यांतही काही आठवड्यांनी अगदी असाच ताप, असाच दाह दिसत होता. तो संधिवाताचा जुना ताप उलटला असे म्हणून लोक स्वस्थ बसत. ड्रेसलर ह्यांना ह्या दोहोंतले साम्य जाणवले. १९५६ साली त्यांनी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आपला निबंध प्रसिद्ध केला आणि त्याला नम्रपणे 'प्राथमिक वृत्तान्त' म्हटले. वय सहासष्ट. आपल्याकडे ह्या वयात माणसाला सत्कार आणि शाल मिळते. तीन वर्षांनी, १९५९ मध्ये, त्यांनी चव्वेचाळीस रोग्यांची हकीकत मांडली.

हे सारे त्यांनी मुख्यतः कोणत्या साधनांनी केले? कान, तापमापक, ई.सी.जी., क्ष-किरणांचे चित्र, आणि रोग्याच्या उशाशी बसण्याची सवय. आजच्यासारखा एको त्यांच्या हाताशी नव्हता. व्हिएन्नातून निघताना जे कोणालाही जप्त करता आले नाही ते त्यांनी बरोबर आणले होते, असे मला वाटते. इतिहासकाराने असे भावनेचे वाक्य लिहू नये, पण लिहिले.

कारणाविषयी त्यांनी जो तर्क केला तो असा: मेलेल्या स्नायूतून सुटलेली द्रव्ये रक्तात मिसळतात, शरीर त्यांना परके समजते, आणि त्यांच्याविरुद्ध लढण्याची तयारी करते. ह्या तयारीलाच दोन-तीन आठवडे लागतात. म्हणून दुखणे उशिरा येते, आणि हृदयावरण, फुप्फुसावरण असे दूरदूर पसरते. १९६० नंतरच्या दशकात अशा रोग्यांच्या रक्तात हृदयाच्या स्नायूविरुद्धची प्रतिपिंडे सापडली. तर्काला आधार मिळाला, पण ती प्रतिपिंडे रोगाचे कारण की परिणाम, हा वाद राहिला. आजही सर्वसाधारणपणे हाच तर्क मानला जातो. आपल्याच घरच्या मेलेल्या माणसाला शरीर चोर समजून काठ्या घेऊन धावते, असा हा प्रकार.

उपचार म्हणून ड्रेसलर ह्यांच्या वेळी अॅस्पिरिन होते आणि नवे कॉर्टिझोन होते. कॉर्टिझोनने ताप व कळ चुटकीसरशी जात. पण औषध थांबवले की पुष्कळदा दुखणे परत येई. शिवाय झटक्यानंतरच्या दिवसांत अशा औषधांनी हृदयावरचा व्रण नीट भरत नाही, असे पुढे दिसून आले. आज मोठ्या मात्रेत अॅस्पिरिन आणि त्याच्या जोडीला कोल्चिसीन देतात. हे कोल्चिसीन युरोपात एका रानफुलाच्या कंदातून काढीत, आणि संधिवातासाठी ते हजार-दीड हजार वर्षे वापरात होते. आपल्या रानात पावसाळ्यात कळलावीची लाल-पिवळी फुले दिसतात ना? तिच्या कंदातही हेच द्रव्य आहे. (कृपा करून कोणी कंद उकरून खाऊ नये. तो जहाल विषारी आहे.) इटलीतल्या डॉक्टरांनी २०१३ साली हृदयावरणदाहाच्या २४० रोग्यांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. नेहमीच्या औषधाच्या जोडीला कोल्चिसीन दिलेल्यांत दुखणे रेंगाळण्याचे वा उलटण्याचे प्रमाण सुमारे १७ टक्के, न दिलेल्यांत ३७ टक्क्यांहून थोडे अधिक, असे दिसले.

आणि आता नाहीसे होण्याची गोष्ट. ड्रेसलर ह्यांच्या अंदाजाने झटक्यातून वाचलेल्या दर शंभरांत तिघा-चौघांना हा आजार होई. १९७७ साली झुरिकमध्ये ग्रुन्ट्झिग ह्यांनी बारीक फुग्याने हृदयाची रोहिणी रुंद केली. १९८६ मध्ये इटलीत अकरा हजारांहून अधिक रोग्यांवर केलेल्या प्रयोगाने सिद्ध झाले की स्ट्रेप्टोकायनेजने गुठळी वेळेवर विरघळवली तर मृत्यू कमी होतात. आणि जितके लवकर तितके बरे. रोहिणी पहिल्या काही तासांत मोकळी झाली की स्नायूचा फार मोठा तुकडा मरतच नाही. मेलेले मांस थोडे, म्हणून शरीराचा गैरसमजही थोडा. १९९४ साली इस्रायलमधील डॉक्टरांनी निबंध लिहिला, त्याच्या मथळ्यातच ह्या आजाराच्या नाहीसे होण्याचा उल्लेख होता. जेथे रोहिणी वेळेत उघडली जाते तेथे आज हे प्रमाण शंभरात एकाहूनही खाली आले आहे.

म्हणजे ह्या दुखण्याची भरभराट कोणत्या काळात झाली? झटका येऊन माणूस वाचू लागला होता, पण त्याचे हृदय वाचवता येत नव्हते, त्या मधल्या चाळीस-पन्नास वर्षांत. आधीच्या काळी रोगी उरत नसे. नंतरच्या काळी जखम उरत नाही.

पण मामांना तो झालाच. कऱ्हाडची ती मुलगी मला म्हणाली होती, "सर, पहिल्या तीन-चार तासांत आणले असते तर बहुधा हे पाहावे लागले नसते." वीस तास. जीपगाडी नव्हती, पित्ताचा भ्रम होता, कापणी अर्धी राहिली होती. घड्याळ १९८६ च्या पुढचे असले तरी मामांच्या वाटेवरचे वर्ष १९५६ च होते. आमच्या घाटमाथ्यावरून, कोकणातल्या आडगावांतून, मेळघाटातून जे उशिरा पोहोचतात त्यांच्यासाठी ड्रेसलर अजून जुना झालेला नाही.

मामांची करकर आठव्या दिवशी थांबली. महिन्याने ताप थोडा उलटला, पुन्हा औषध वाढवले, पुन्हा गेला. तीन महिने गोळ्या घेतल्या. जमिनीच्या कागदांची पेटी परत माळ्यावर गेली.

एका संध्याकाळी अंगणात बसलो असता मामांनी विचारले, "काय रे, तो ड्रेसलर म्हणजे कोण? ती पोरगी सारखी नाव घेत होती." मी त्यांना हे सारे सांगितले, व्हिएन्नापासून. ते शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "मग लढाई संपल्यावर गेला का तो आपल्या गावाला परत?"

मी म्हटले, "नाही मामा. तिकडेच राहिला. १९६९ साली वारला."

मामा थोडा वेळ गप्प बसले. मग त्यांनी मामींना हाक मारून पाठीशी उशी मागितली.